टीव्हीवरचा कार्यक्रम चांगला की वाईट, हे ठरवायचं कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘मला आवडला’ आणि ‘कार्यक्रम चांगला आहे’ यांत फरक काय?

आवड तुमची असते, तिच्यासाठी कुणाला पुरावा द्यावा लागत नाही. दर्जाबद्दल बोलायला लागलात की मात्र पडद्यावर दिसणाऱ्या किंवा ऐकू येणाऱ्या गोष्टीकडे बोट दाखवावं लागतं. ‘अभिनय भंपक आहे’ एवढ्यावर समोरचा काहीच करू शकत नाही. ‘दुसऱ्या भागात वडिलांच्या निधनाची बातमी कळते त्या प्रसंगात नायिका फोन खाली ठेवण्याआधीच रडायला लागते’ असं म्हटलंत, तर तो प्रसंग पुन्हा लावून बघता येतो आणि तुमचं म्हणणं पटतं किंवा खोडता येतं.

त्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते: कार्यक्रमाला करायचं काय होतं? प्रश्नमंजूषेला ‘व्यक्तिरेखा उथळ आहेत’ म्हणून नापास करण्यात अर्थ नाही, आणि रहस्यमालिकेचा उलगडा आधी पेरलेल्या धाग्यांतून होत नसेल, तर तिची छायाचित्रणाची बाजू कितीही देखणी असली तरी ती फसलेली आहे. हेतू, तो किती साधला आणि तो साधण्याजोगा होता का, हे तीन प्रश्न याच क्रमाने विचारले की निम्मी भांडणं मिटतात.

टीआरपी जास्त म्हणजे कार्यक्रम दर्जेदार, असं धरायचं का?

नाही. टीआरपी कमी म्हणजे कार्यक्रम वाईट, असंही नाही. टीआरपी सांगतो ते एवढंच, की निवडलेल्या घरांपैकी किती घरांत तो कार्यक्रम किती वेळ लागला होता. त्या घरांत टीव्हीला जोडलेल्या मीटरला चॅनल कळतं, आणि घरातल्या माणसांनी आपापलं बटण दाबलं असेल तर समोर कोण बसलं आहे हेही कळतं. तो माणूस डोळे लावून बघतोय की भाजी निवडतोय, हे मीटरला कळत नाही.

रेटिंग आणि शेअर हे दोन आकडे एकच समजले जातात, ते वेगळे आहेत. समजा १०० घरांत टीव्ही आहे. रात्री ८ वाजता ४० टीव्ही चालू आहेत आणि १० घरांत तुमची मालिका लागली आहे. रेटिंग १० (सगळ्या १०० घरांपैकी), शेअर २५ टक्के (चालू असलेल्या ४० टीव्हींपैकी). तीच मालिका ११ वाजता ढकलली, तेव्हा २० टीव्ही चालू आहेत आणि ५ घरांत ती लागली आहे. रेटिंग अर्ध्यावर आलं, ५ झालं. शेअर मात्र २५ टक्केच राहिला, म्हणजे त्या वेळी जागे असलेल्यांवरची पकड ढिली झालेली नाही. ‘मालिका आपटली’ अशी बातमी वाचली की आधी वेळ बदलली होती का ते बघा.

दुसरी गोष्ट नमुन्याची. १,००० घरांच्या यादृच्छिक नमुन्यात एखाद्या कार्यक्रमाला ५ टक्के रेटिंग मिळालं, तर खरा आकडा साधारण ३.६ ते ६.४ च्या दरम्यान कुठेही असू शकतो. त्यामुळे ५.१ वाली मालिका ४.९ वालीच्या ‘पुढे गेली’ या वाक्याला काही वजन नाही. नमुना मोठा केला की हा पट्टा अरुंद होतो, पण छोट्या चॅनलच्या, मध्यरात्रीच्या किंवा एकाच वयोगटाच्या आकड्यांत तो पुन्हा रुंदावतो, कारण तिथे मोजायला घरंच थोडी उरतात.

आधीचा कार्यक्रम कोणता आहे, समोरच्या चॅनलवर सामना चालू आहे का, चॅनल किती घरांत पोहोचतं, या सगळ्याचा टीआरपीवर परिणाम होतो. यातली एकही गोष्ट लेखकाच्या किंवा दिग्दर्शकाच्या हातात नसते.

किती लोकांनी पाहिला याऐवजी, पाहणाऱ्यांना किती भावला, हे मोजता येतं का?

येतं. ब्रिटनमध्ये बीबीसी बरीच वर्षं पसंती निर्देशांक वापरत आली आहे. ज्यांनी कार्यक्रम पाहिला त्यांनाच १ ते १० मध्ये गुण द्यायला सांगतात, सरासरी काढतात आणि १० ने गुणतात. थोड्या लोकांनी पाहिलेला पण त्यांना मनापासून आवडलेला कार्यक्रम इथे वर येतो. या आकड्याची अडचण अशी, की ज्यांना कार्यक्रम नकोसा झाला त्यांनी तो आधीच बंद केलेला असतो. त्यामुळे बहुतेक गुण वरच्या पट्ट्यातच राहतात आणि दोन-चार गुणांचा फरकही महत्त्वाचा ठरतो.

संकेतस्थळांवरचे तारे आणि टक्के कसे वाचायचे?

आधी आकडा नेमका कशाचा आहे ते बघा. रॉटन टोमॅटोजवरचा टक्का हा गुण नव्हे. किती टक्के समीक्षकांचं मत अनुकूल होतं, एवढंच तो सांगतो. दहाच्या दहा समीक्षकांनी ‘ठीक आहे, बघायला हरकत नाही’ म्हटलं, तर १०० टक्के. पाच जण भारावून गेले आणि पाच जण वैतागले, तर ५० टक्के. माझ्या मते अनेकदा दुसरा कार्यक्रम जास्त बघण्यासारखा असतो. मेटाक्रिटिक १०० पैकी गुणांची भारित सरासरी (काही समीक्षकांच्या गुणांना जास्त वजन देऊन काढलेली) देतं, तिथे सौम्य पसंती आणि तीव्र पसंती वेगळी पडते. आयएमडीबीवर प्रेक्षक १ ते १० मध्ये मत देतात आणि सरासरीलाही भार लावलेला असतो.

सरासरीपेक्षा मतांची वाटणी बघणं फायद्याचं. मतं १ आणि १० वर साचली असतील आणि मधला भाग रिकामा असेल, तर तिथे कार्यक्रमाबद्दल कमी आणि कुठल्या तरी वादाबद्दल जास्त मतदान झालेलं असतं. प्रक्षेपणाच्या आधीच्या किंवा पहिल्या काही तासांतल्या मतांकडे दुर्लक्ष करा.

एक सापळा फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. लांब मालिकांच्या नंतरच्या पर्वांना भागागणिक गुण जास्त मिळालेले दिसतात. ‘मालिका सुधारत गेली’ असा निष्कर्ष लगेच काढू नका. पाचव्या पर्वापर्यंत टिकून राहतात ते चाहतेच. कंटाळलेले पहिल्या पर्वातच गळतात आणि नंतर मत द्यायला येत नाहीत. पर्वांची तुलना करायची तर आधी मतांची संख्या बघा. पहिल्या भागाला ज्या संख्येने मतं पडली त्याच्या पाव हिस्साच उरला असेल, तर ती दोन वेगळ्या प्रेक्षकांची मतं आहेत.

लिखित परीक्षणं वाचायची असतील तर तीन तारेवाली आधी वाचा. पाच तारेवाला भक्त असतो, एक तारेवाला चिडलेला. तीन तारे देणाऱ्याला काय जमलं आणि काय बिघडलं, दोन्ही सांगावं लागतं.

किती भाग पाहिल्यावर मत द्यावं?

प्रकारावर अवलंबून. २२ मिनिटांची विनोदी मालिका असेल तर चार-पाच भाग. ८ ते १० भागांची कथामालिका असेल तर दोन-तीन. रोजची मालिका असेल तर सलग एक आठवडा, आणि तो पहिला आठवडा नको. पहिल्या आठवड्यावर पैसा आणि वेळ दोन्ही जास्त खर्च झालेला असतो, महिनाभराने काय उरतं ते महत्त्वाचं. प्रश्नमंजूषा किंवा गप्पांचा कार्यक्रम दोन भागांत कळतो.

निव्वळ पहिल्या भागावरून निकाल देऊ नये, कारण पायलट म्हणजे नमुन्यादाखल केलेला पहिला भाग अनेकदा बाकीच्या भागांच्या कितीतरी आधी चित्रित होतो. पात्रांची ओळख करून देण्याचं ओझं त्याच्यावर असतं, लेखकांना नटांची लय सापडलेली नसते. ‘चिअर्स’ ही अमेरिकी विनोदी मालिका १९८२ मध्ये सुरू झाली तेव्हा रेटिंगच्या यादीत तळाला होती. चॅनलने धीर धरला आणि ती १९९३ पर्यंत ११ पर्वं चालली. ‘साइनफेल्ड’ या अमेरिकी विनोदी मालिकेच्या पायलटचा प्रेक्षक-चाचणीचा अहवालही कमकुवत होता.

पण ‘सातव्या भागापासून पकड घेते, तोपर्यंत सहन कर’ हा सल्ला ऐकायची सक्ती नाही. ५० मिनिटांचे सहा भाग म्हणजे पाच तास. अर्धवट सोडलंत तर मत देताना कुठे सोडलं ते सांगा. ‘तिसऱ्या भागानंतर सोडली’ हे प्रामाणिक आणि उपयोगी मत आहे.

मालिका ‘खेचली’ जातेय हे नेमकं कसं ओळखायचं?

घड्याळ लावून. एक भाग रेकॉर्ड करा किंवा ॲपवर लावा आणि कागदावर पाच रकाने आखा: मागील भागाची उजळणी, नवं घडलेलं, नुसत्या प्रतिक्रिया, फ्लॅशबॅक आणि गाण्यावरची दृश्यं, पुढील भागाची झलक. प्रत्येक तुकड्याचे सेकंद योग्य रकान्यात टाकत जा.

‘नवं घडलं’ कशाला म्हणायचं? त्या प्रसंगानंतर एखाद्या पात्राला आधी माहीत नसलेलं काही कळलं, त्याने काही ठरवलं, किंवा दोन माणसांमधलं नातं बदललं, तर नवं. ‘मी त्याला कधीच माफ करणार नाही’ हे वाक्य सोमवारी नवं असतं, बुधवारी तेच वाक्य दुसऱ्या खोलीत म्हटलं तर नाही. जाहिराती वगळून २२ मिनिटांच्या भागात नवं घडलेलं ८ मिनिटांपेक्षा कमी भरत असेल आणि सलग पाच दिवस हेच चाललं असेल, तर मालिका खेचली जातेय असं बेलाशक म्हणा. ८ हा आकडा आमचा अंदाज आहे, नियम नव्हे. महत्त्व आहे ते पाच दिवसांच्या सातत्याला, कारण एखादा संथ भाग प्रत्येक चांगल्या मालिकेत असतो.

प्रतिक्रियांचा रकाना भरताना सावध राहा. गुपित फुटतं, तोच शॉट तीनदा दिसतो, मग ढोलाच्या ठोक्यावर घरातले सात चेहरे एकेक करून येतात. प्रत्येकी ४ सेकंद धरले तरी २८ सेकंद गेले. पण त्या सातांत एक चेहरा असा असेल की ज्यावर धक्का नाहीच, उलट सुटकेचा भाव आहे, तर ते ४ सेकंद ‘नवं’च्या रकान्यात टाका. त्या बाईला गुपित आधीपासून ठाऊक होतं, हे प्रेक्षकाला आत्ताच कळलं.

खेचण्यामागची कारणं बहुधा कारखान्याची असतात. प्रक्षेपण रोज आणि आधीच चित्रित करून ठेवलेल्या भागांचा साठा तुटपुंजा. संवाद सेटवर आदल्या रात्री किंवा त्याच दिवशी येतात. एखाद्या नटाच्या तारखा नसल्या की पात्र अचानक ‘परगावी’ जातं आणि फोनवर बोलत राहतं. चार पात्रांना एकाच दिवाणखान्यात बसवून दिवसाला एक भाग उरकता येतो, बाहेरच्या चित्रीकरणाला तेवढी गती येत नाही. आणि मालिकेला टीआरपी असेल तर शेवटाकडे निघालेली कथा पुन्हा मागे वळवतात. लग्न मोडतं, स्मृती जाते, मेलेला परततो.

वेळेचा हिशोबही करा. २२ मिनिटांचे वर्षाला २६० भाग म्हणजे ९५ तासांहून जास्त.

संवाद ऐकू येत नाहीत, अंधाऱ्या दृश्यांत काही दिसत नाही. कार्यक्रमाचा दोष की टीव्हीचा?

दोन्ही शक्य आहे, म्हणून मत देण्याआधी टीव्ही तपासा.

आवाजाचं आधी. आजच्या बऱ्याच मालिकांचं ध्वनिमिश्रण ५.१ मध्ये (पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक, अशा मांडणीसाठी) होतं आणि संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरसाठी ठेवलेले असतात. टीव्हीला दोनच स्पीकर असतील तर पाच वाटा दोनांत कोंबल्या जातात आणि संगीत संवादांवर चढतं. ॲपच्या ऑडिओ पर्यायात ५.१ ऐवजी स्टिरिओ निवडा. टीव्हीतला ‘सराउंड’ परिणाम बंद करा, संवाद ठळक करण्याची किंवा रात्रीची सेटिंग असेल तर चालू करा. एवढं करूनही शब्द कळत नसतील तर हेडफोन लावून तोच प्रसंग ऐका. तिथेही कळत नसेल तर दोष मिश्रणाचा किंवा नटाच्या उच्चारांचा. तसं बिनधास्त लिहा.

चित्र गुळगुळीत आणि कृत्रिम दिसतंय, महागडी कथामालिका सेटवर उभी राहून बघितल्यासारखी वाटतेय? ते मोशन स्मूदिंग आहे. सिनेमासारख्या मालिका सेकंदाला २४ चित्रचौकटींनी चित्रित होतात. टीव्ही मधल्या चौकटी स्वतः तयार करून भरतो. सोनीमध्ये याला मोशनफ्लो, एलजीमध्ये ट्रूमोशन, सॅमसंगमध्ये ऑटो मोशन प्लस म्हणतात. कथामालिकांसाठी बंद ठेवा. २०१९ मध्ये जाहीर झालेला फिल्ममेकर मोड असेल तर तो निवडला की हे आपोआप बंद होतं. खेळांसाठी चालू ठेवायला हरकत नाही.

अंधाराचा प्रश्न जास्त गुंतागुंतीचा आहे. एप्रिल २०१९ मध्ये ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा रात्रीच्या युद्धाचा भाग आला तेव्हा ‘काही दिसलंच नाही’ अशी ओरड झाली. दृश्य मुद्दाम काळोखं चित्रित केलेलं होतं, आणि इंटरनेटवरून पाठवताना डेटा दाबला गेला की काळ्या रंगाच्या सूक्ष्म छटा आधी मरतात, जागोजागी चौकोनी डाग आणि पट्टे दिसतात. टीव्हीचा वीजबचत मोड आणि खोलीचा उजेड ओळखणारा सेन्सर बंद करा, खोलीतला दिवा मागे न्या, दर्जा ‘ऑटो’वरून सर्वांत वरच्यावर ठेवा. पट्टे गेले आणि तरीही माणसं ओळखू येत नसतील, तर तो दिग्दर्शकाचा निर्णय. त्यावर टीका करायला तुम्ही मोकळे आहात.

विनोदी मालिकेत मागून हसण्याचा आवाज येतो, तो खोटाच असतो ना?

नेहमी नाही. ‘आय लव्ह लूसी’ (१९५१) प्रेक्षकांसमोर तीन कॅमेऱ्यांनी फिल्मवर चित्रित होत असे आणि हसू त्या प्रेक्षकांचंच असे. साठवलेलं हसू हवं तिथे घालण्याचं यंत्र चार्ल्स डग्लस यांनी १९५० च्या दशकात आणलं. ओळखायचं कसं? खऱ्या हशाला सुरुवात विस्कळीत असते, कुणी आधी हसतं, कुणी उशिरा, आणि नट थांबून वाट बघतात. भरलेलं हसू एकदम सुरू होतं, एकाच पातळीवर राहतं आणि कापल्यासारखं संपतं. हसू असलं म्हणून मालिका हलकी ठरत नाही. विनोद नसताना ते वाजवलं की मात्र लेखनाचं पितळ उघडं पडतं.

रिॲलिटी शो खरे असतात का?

माणसं बहुधा खरी, क्रम आणि संदर्भ संकलकाचे. वाक्य जोडून बनवलेलं आहे का ते कानाने पकडता येतं. वाक्य सुरू होताना बोलणाऱ्याचा चेहरा दिसतो आणि मधेच कॅमेरा समोरच्याच्या प्रतिक्रियेवर किंवा बोलणाऱ्याच्या पाठीवर जातो. नेमक्या त्याच वेळी मागचा पंख्याचा किंवा रहदारीचा आवाज बदलत असेल, सूर उगाच चढत-उतरत असेल, तर दोन वेगळ्या वेळची वाक्यं शिवलेली आहेत. कपडे, केस, पेल्यातलं पाणी यांवरही लक्ष ठेवा.

स्पर्धा असेल तर नियम वाचा. एका फोनवरून किती मतं, मतदान कधी बंद होतं, परीक्षकांच्या गुणांना किती वजन, मतांचे आकडे जाहीर होतात का. वजन सांगितलेलंच नसेल तर ‘जनतेचा कौल’ या शब्दांवर फार विसंबू नये.

हा विषय किती गंभीर असू शकतो हे अमेरिकेत दिसलं. ‘ट्वेंटी-वन’ या प्रश्नमंजूषेतला लोकप्रिय विजेता चार्ल्स व्हॅन डोरेन याने नोव्हेंबर १९५९ मध्ये संसदीय समितीपुढे कबूल केलं, की उत्तरं त्याला आधीच दिली जात होती. १९६० मध्ये कायद्यात बदल करून अशा बनवाबनवीवर बंदी आली. त्या कार्यक्रमाची निर्मिती, ताण, सूत्रसंचालन सगळं उत्तम होतं. पण स्पर्धा खरी आहे हाच त्याचा पाया होता, आणि तो गेल्यावर बाकीच्याला किंमत उरली नाही.

निसर्गावरच्या माहितीपटांवर किती विश्वास ठेवावा?

प्राण्याच्या वागणुकीवर बऱ्यापैकी, आवाजावर कमी. कॅमेऱ्याची लांब पल्ल्याची भिंग शेकडो मीटरवरून सिंहाचं पाऊल टिपते, तिथे मायक्रोफोन पोहोचत नाही. गवतातली ती सळसळ स्टुडिओत बनवलेली असते. त्याला फसवणूक म्हणणं मला पटत नाही. ‘फ्रोझन प्लॅनेट’ (२०११) मधला ध्रुवीय अस्वलाच्या पिल्लांचा जन्म नेदरलँड्समधल्या प्राणिसंग्रहालयात चित्रित झाला होता हे बाहेर आलं, तेव्हा वाद झाला. गुहेत कॅमेरा नेला असता तर आई आणि पिल्लं दोघांनाही धोका होता, ही निर्मात्यांची बाजू रास्त होती. निवेदनातून ते स्पष्ट कळायला हवं होतं, हा आक्षेपही रास्तच.

इतिहास-विज्ञानाच्या माहितीपटात तज्ज्ञाचं नाव आणि काम दोन्ही दिलंय का, आकड्याला वर्ष आहे का, नाट्यरूपांतराला तशी पट्टी आहे का, हे बघा. ‘असं म्हटलं जातं’ हे वारंवार ऐकू आलं तर सावध व्हा.

बातम्यांचा कार्यक्रम कसा तपासावा?

अर्धा तास घ्या आणि मिनिटं चार भागांत वाटा: घटनास्थळावरून किंवा कागदपत्रांवरून दिलेली माहिती, कुणाचं तरी निवेदन वाचून दाखवणं, स्टुडिओतली चर्चा, स्वतःच्या चॅनलची जाहिरात. एकूण वेगळ्या बातम्या किती झाल्या तेही मोजा. पडद्यावर आठ चौकटी आणि चर्चा ४० मिनिटांची असेल, तर निवेदकाचा वेळ वगळण्याआधीच प्रत्येकाच्या वाट्याला पाच मिनिटं येतात. तेवढ्यात मुद्दा मांडता येत नाही, आवाज चढवता येतो.

आणखी एक कसोटी आम्हाला सगळ्यांत विश्वासार्ह वाटते: काल दिलेली चुकीची बातमी आज त्याच वेळेला, त्याच ठळकपणे दुरुस्त केली का?

मुलांसाठीचा कार्यक्रम चांगला आहे हे कसं कळेल?

१० नोव्हेंबर १९६९ ला सुरू झालेल्या ‘सेसमी स्ट्रीट’ने यासाठी सुंदर पद्धत वापरली. मुलाला टीव्हीसमोर बसवायचं, शेजारच्या पडद्यावर दर काही सेकंदांनी बदलणारी चित्रं दाखवायची आणि मुलाची नजर कधी टीव्हीवरून हलते ते नोंदवायचं. नजर हलली तो तुकडा पुन्हा लिहायचा.

घरी एवढा खटाटोप नको. दुसऱ्या दिवशी ‘आवडलं का?’ असं न विचारता ‘काय काय झालं सांग’ म्हणा. मुलाने गोष्ट क्रमाने सांगितली तर कार्यक्रम कळला. नुसते रंग आणि आरडाओरडा आठवत असेल तर फक्त नजर बांधली गेली. एका मिनिटात दृश्य किती वेळा बदलतं तेही मोजा. लहान मुलांना थोडा वेळ स्थिर राहणारं दृश्य समजायला सोपं जातं. तोच भाग पुन्हा पुन्हा बघायचा हट्ट वाईट नाही, मुलं आवर्तनातून शिकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांच्या आतल्या मुलांना पडदा नकोच, आणि २ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त १ तास.

पूर्वीचे कार्यक्रम जास्त दर्जेदार होते, हे खरं ना?

आठवणीत उरतात ते चांगलेच, म्हणून तसं वाटतं. ९ मे १९६१ रोजी अमेरिकेच्या प्रसारण नियामक आयोगाचे अध्यक्ष न्यूटन मिनो यांनी चॅनलमालकांपुढेच टीव्हीला अफाट ओसाड माळरान म्हटलं होतं. आज ज्याला सुवर्णकाळ म्हणतात, त्याच काळातलं हे भाषण. दुसरीकडे जुन्यातलं बरंच चांगलं गेलंही. टेप महाग असल्याने त्या पुसून पुन्हा वापरत. बीबीसीच्या १९६० च्या दशकातल्या ‘डॉक्टर हू’चे अनेक भाग असेच गेले.

नुसता टाइमपास असलेल्या कार्यक्रमाला काही मूल्य असतं का?

असतं. दमलेल्या माणसाला अर्धा तास हलकं करणं हे कौशल्याचं काम आहे आणि ते वाईट रीतीने केलेलं लगेच दिसतं. बीबीसीचे पहिले महासंचालक जॉन रीथ यांनी माहिती, शिक्षण आणि मनोरंजन ही प्रसारणाची कामं म्हणून मांडली, त्यात मनोरंजन आहेच.

परीक्षण लिहायचं तर त्यात काय हवं?

किती भाग पाहिले, कशावर पाहिले आणि मूळ भाषेत की डब केलेलं, हे पहिल्या दोन ओळींत. डबिंग पाहून अभिनयावर शेरा मारताना आवाज दुसऱ्याचा आहे हे विसरू नका. मग कार्यक्रमाचा हेतू एका वाक्यात, आणि तो साधल्याचा किंवा फसल्याचा किमान एक प्रसंग भाग क्रमांकासह. लेखन, दिग्दर्शन, अभिनय, संकलन यांतलं नेमकं काय बिघडलं ते वेगळं काढा. ओळी खोट्या असतील तर नटाला दोष देऊ नका. रहस्य फोडणार असाल तर आधी सांगा. कुणाला हा कार्यक्रम आवडेल तेही लिहा, तुम्हाला आवडला नसला तरी.

नंतर मत बदललं तर?

जुनं परीक्षण पुसू नका. खाली तारीख टाकून नवं मत लिहा आणि कोणत्या भागामुळे ते बदललं ते सांगा.